सरकारसाठी टॅक्स फायलिंग सिस्टीम बनवायचीये? मग फॉर्मपासून सुरुवात करू नका

टेंडर मिळालं की जवळजवळ प्रत्येक टीम पहिल्या आठवड्यात एकच काम करते, डिझायनरला बसवून फॉर्मचे स्क्रीन काढायला लावते, कारण साहेबांना मीटिंगमध्ये दाखवायला काहीतरी रंगीत लागतं. साहेब खूश होतात, बटणाचा रंग बदलायला सांगतात, आणि पुढचे दोन महिने सगळे त्याच स्क्रीनभोवती फिरत बसतात. पण खरं सांगायचं तर फॉर्म हा या कामातला सोपा भाग आहे, चार पोरं बसवली तर होऊन जातो. नियम वर्षाच्या मधेच बदलतात तेव्हा काय करायचं, सगळं पब्लिक शेवटच्या दिवशी संध्याकाळी एकदम आलं तर काय करायचं, आणि भरलेलं रिटर्न चुकीचं निघालं की ते कोणी कसं दुरुस्त करायचं, खरा घाम इथे निघतो. इन्कम टॅक्स असो, जीएसटी असो, राज्याचा व्यवसाय कर असो, सगळीकडे हेच. म्हणून खाली मी ज्या क्रमाने लिहिलंय त्या क्रमाने काम करा असं माझं म्हणणं आहे. उदाहरणं बहुतेक आपल्याकडचीच आहेत कारण भारतात गेल्या काही वर्षांत या सिस्टीम्सनी सगळं करून दाखवलंय, चांगलंही आणि वाईटही.

आधी नियम गोळा करा

डिपार्टमेंट तुम्हाला एक जाडजूड आरएफपी (काय काय बनवून हवं त्याचा टेंडरचा कागद) देतं आणि म्हणतं यात सगळं आहे. नसतं. खरे नियम कायद्यात, दरवर्षीच्या फायनान्स ॲक्टमध्ये, नोटिफिकेशन्समध्ये, सर्क्युलर्समध्ये आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीस वर्षं त्याच टेबलावर बसलेल्या एका क्लार्कच्या डोक्यात असतात. त्या माणसाला शोधा, त्याच्याबरोबर चहा प्या, आणि मागच्या तीन-चार वर्षांची खरी रिटर्न्स नावं काढून टाकून मागून घ्या. त्यातली विचित्र प्रकरणं वेगळी काढा, कारण सिस्टीम मोडते ती तिथेच.

नियम कसे असतात त्याचा नमुना म्हणून महाराष्ट्राचा व्यवसाय कर घ्या. पगार महिन्याला १०,००० च्या वर असेल तर दरमहा २०० रुपये कापायचे, पण फेब्रुवारीत ३००. असं का? कारण घटनेच्या कलम २७६ प्रमाणे एका माणसाकडून वर्षाला २,५०० पेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही, मग अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० केलं की बरोबर २,५०० होतात. आता ज्या पोराने कोडमध्ये सरळ महिना गुणिले २०० लिहिलं त्याची वर्षाची बेरीज २,४०० येणार आणि तो दोन दिवस शंभर रुपये शोधत बसणार. त्यात १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ झाला, म्हणजे त्याच बाईचं मार्च २०२३ चं उत्तर वेगळं आणि एप्रिलचं वेगळं. एवढासा कर, आणि त्यातसुद्धा महिना, तारीख, स्त्री की पुरुष, पगाराचा स्लॅब, एवढं सगळं येतं.

यावरून पहिला धडा असा की कुठलाही रेट, कुठलीही मर्यादा कोडमध्ये थेट लिहायची नाही. टेबलमध्ये ठेवायची, आणि प्रत्येक ओळीला दोन तारखा द्यायच्या, कधीपासून लागू आणि कधीपर्यंत लागू. 'वर्ष' नावाचा एकच कॉलम ठेवून भागेल असं वाटतं पण भागत नाही. २०२४ च्या बजेटमध्ये शेअर्सवरच्या कॅपिटल गेन्सचे (विकून झालेल्या नफ्यावरच्या टॅक्सचे) रेट २३ जुलै २०२४ पासून बदलले, लाँग टर्म १० टक्क्यांवरून १२.५ आणि शॉर्ट टर्म १५ वरून २०. म्हणजे एकाच आर्थिक वर्षात, एकाच माणसाने, एकाच कंपनीचे शेअर २२ तारखेला विकले तर एक रेट आणि २३ ला विकले तर दुसरा. ज्यांच्या सिस्टीममध्ये रेट वर्षाला बांधलेला होता त्यांना फॉर्म, हिशोब, रिपोर्ट सगळं परत उघडायला लागतं. तारखेला बांधलेला असेल तर टेबलमध्ये एक ओळ वाढते, आणि फॉर्ममध्ये विक्रीची तारीख विचारावी लागते, बास.

कलमांचे नंबरसुद्धा कोडमध्ये विखरू नका. १९६१ चा इन्कम टॅक्स ॲक्ट जाऊन २०२५ चा नवा ॲक्ट १ एप्रिल २०२६ पासून आला, त्यात कलमांचे नंबर बदलले आणि 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं. ज्यांच्या डेटाबेसमध्ये कॉलमचं नावच कलमाच्या नंबरावरून ठेवलेलं असेल त्यांची दया येते. आतलं नाव अर्थावरून ठेवा (घरकर्जाचं व्याज, आजारपणाचा विमा वगैरे) आणि कलम नंबर फक्त दाखवायला वापरा, तोही तारखेप्रमाणे बदलणारा.

राउंडिंगकडे पण लक्ष द्या, हसू नका. इन्कम टॅक्समध्ये एकूण उत्पन्न जवळच्या दहा रुपयांना राउंड होतं, मग टॅक्सही दहाला. कुठल्या पायरीवर राउंड करायचं हे कायद्यात ठरलेलं असतं, तुम्ही प्रत्येक पायरीवर केलं तर उत्तर वेगळं येतं आणि मग सीए लोक फोन करून करून जीव घेतात. पैशासाठी फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांक अंदाजे साठवायची पद्धत) वापरू नका हे तर सांगायलाच नको, पण तरी सांगतो.

हिशोबाचं इंजिन फॉर्मपासून पूर्ण वेगळं ठेवा. अमेरिकेत आयआरएसने (तिथल्या टॅक्स खात्याने) डायरेक्ट फाइल नावाची फुकट फायलिंगची सोय २०२४ मध्ये बारा राज्यांत सुरू केली होती, त्याचा कोड नंतर गिटहबवर खुला झाला. त्यातलं फॅक्ट ग्राफ म्हणून जे इंजिन आहे ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक माहितीचा तुकडा म्हणजे एक फॅक्ट, काही फॅक्ट माणूस भरतो, काही इतर फॅक्टवरून काढले जातात, आणि एखादी माहिती अजून आलेली नाही हेसुद्धा इंजिनला कळतं. 'शून्य' आणि 'अजून भरलं नाही' यातला फरक टॅक्समध्ये फार मोठा असतो. पुढे सरकारने ती योजना बंद केली ती गोष्ट वेगळी, कोड शिकण्यासारखाच आहे.

आणि टेस्ट केसेस डेव्हलपरने बनवायच्या नाहीत. डिपार्टमेंटकडून सही असलेल्या घ्यायच्या, हे इनपुट, हे अपेक्षित उत्तर. चारपाचशे तरी. पुढे भांडण झालं की हाच कागद तुम्हाला वाचवतो. दरवर्षी नियम बदलले की जुन्या वर्षांच्या टेस्टसुद्धा परत चालवा, नवीन बदलाने मागच्या वर्षाचं उत्तर हललं की समजायचं काहीतरी फाटलंय.

लॉगिन म्हणजे फक्त ओटीपी नाही

आपल्याकडे नावांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रात आडनाव आधी लिहायची सवय, मधे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, लग्नानंतर बाईचं नाव बदललेलं, पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. तुम्ही तिन्ही नावं अक्षर न् अक्षर जुळवायला गेलात तर निम्मे लोक दारातच अडकतील. काही लोकांना आडनावच नसतं, आणि फॉर्ममध्ये पहिलं नाव कंपल्सरी ठेवलं की ते पुढे सरकूच शकत नाहीत (पॅनमध्ये एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात जातं, हे किती डेव्हलपरांना माहीत असतं देव जाणे). नाव एका मोठ्या रकान्यात घ्या, ओळख नंबरवरून पटवा, आणि नावात थोडा फरक असेल तर अडवण्याऐवजी माणसाला दाखवून विचारा.

मग येतो दुसऱ्याच्या वतीने भरणारा माणूस. खरं आयुष्य असं आहे की पोरगा वडिलांचं रिटर्न भरतो, सीए दोनशे क्लायंटचं भरतो, ऑफिसचा अकाउंटंट मालकाचं भरतो आणि गेलेल्या माणसाचं वारस भरतो. सिस्टीममध्ये यांच्यासाठी रीतसर जागा नसेल तर लोक पासवर्ड वाटतात, सीएच्या ऑफिसात एक्सेल शीटमध्ये सगळ्यांचे पासवर्ड पडलेले असतात, आणि मग तुमची सगळी सिक्युरिटी त्या एक्सेलएवढीच. त्यामुळे प्रतिनिधीचा रोल पहिल्या दिवसापासून बनवा, कोणी कोणाला किती काळासाठी काय करायची परवानगी दिली, कधी काढून घेतली, आणि कुठलं बटण मालकाने दाबलं आणि कुठलं सीएने, हे सगळं नोंदवा. सीए मंडळींशी आधीच बोला. एका सीएला पटलं तर दोनशे लोक तुमच्या सिस्टीमवर नीट येतात.

ओटीपीला पर्याय ठेवा. आधारला जुना मोबाइल नंबर असलेले लाखो आहेत. पुण्याचा माणूस न्यू जर्सीत बसलेला असतो, त्याचं भारतातलं सिम बंद असतं, त्याला ओटीपी जाणार कुठे? नेटबँकिंगमधून लॉगिन, डिजिटल सिग्नेचर, बँक खात्यावरून कोड, असे दोन-तीन रस्ते हवेत. आणि शेवटची तारीख दाखवताना भारतीय वेळ असं स्पष्ट लिहा. न्यू जर्सीत ३१ जुलैच्या दुपारचे अडीच म्हणजे आपल्याकडे मुदत संपली, तो बिचारा समजतो अजून संध्याकाळ बाकी आहे.

माहिती आधी भरून द्या, पण कुलूप लावू नका

हल्ली सगळ्यांना प्री-फिल हवं असतं आणि ते बरोबरच आहे. एस्टोनियात २००० सालापासून लोक ऑनलाइन भरतायत आणि बरीच माहिती आधीच आलेली असते, बघायचं आणि हो म्हणायचं. आपल्याकडे पगाराचा टीडीएस, बँकेचं व्याज, शेअर्स, म्युच्युअल फंड हे सगळं नोव्हेंबर २०२१ पासून एआयएसमध्ये (पोर्टलवरच्या वर्षाच्या माहितीपत्रकात) दिसायला लागलं. छान सोय आहे. पण ही माहिती तिसऱ्या कोणीतरी पाठवलेली असते, बँकेने, ब्रोकरने, रजिस्ट्रार ऑफिसने, आणि ती चुकते, दोनदा येते, जॉइंट खात्याचं पूर्ण व्याज एकाच्याच नावावर पडतं. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते दाखवा, बदलायची मुभा द्या, आणि बदलला तर जुना आकडा पुसू नका, दोन्ही ठेवा. एआयएसमध्ये 'ही माहिती माझी नाही' किंवा 'डुप्लिकेट आहे' असं सांगायची सोय आहे, ती आयडिया सरळ उचला.

एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर मात्र अडकवू नका. जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला तेव्हा मूळ प्लॅन असा होता की विकणारा १० तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीची बिलं) भरेल, घेणारा त्यावरून १५ पर्यंत जीएसटीआर-२ मध्ये बिल न् बिल तपासेल, आणि २० ला जीएसटीआर-३ तयार होईल. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात एकाने उशीर केला की त्याच्या मागचे सगळे लटकले. नोव्हेंबर २०१७ मध्ये २ आणि ३ बाजूला ठेवले गेले, आणि तात्पुरता म्हणून आणलेला साधा जीएसटीआर-३बी कायमचा होऊन बसला. नंतर ऑगस्ट २०२० पासून जीएसटीआर-२बी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची यादी) आला, जो एका ठरलेल्या दिवशी तयार होतो, व्यापारी तो बघतो आणि आपलं रिटर्न भरतो. जुळवाजुळव करायचीच, पण ती मागे सावकाश चालू दे, भरणाऱ्याला दारात उभं करून नाही.

सॉफ्टवेअरने न्यायाधीश व्हायचं नाही

हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि कुठल्याच आरएफपीत नसतो. जुलै २०२४ मध्ये इन्कम टॅक्सची युटिलिटी (रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर) अपडेट झाली आणि स्पेशल रेटच्या उत्पन्नावर, उदाहरणार्थ शेअर्सच्या शॉर्ट टर्म गेनवर, कलम ८७ए ची (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी) सूट घेताच येईना. कायद्याचा अर्थ काय यावर वाद होता, डिपार्टमेंटचं मत एक, सीए लोकांचं दुसरं. पण सॉफ्टवेअरने रकानाच बंद केल्यामुळे माणसाला सूट मागायचीसुद्धा सोय राहिली नाही. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली, डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाच्या अंतरिम आदेशानंतर उशिरा भरायची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि जानेवारीत कोर्टाने सांगितलं की सूट मिळते की नाही हे नंतर ठरेल, पण मागायचा रस्ता युटिलिटीने दारातच बंद करता येत नाही. मूळ वाद पुढच्या काळापुरता संसदेने २०२५ च्या फायनान्स ॲक्टमध्ये मिटवला, नव्या टॅक्स पद्धतीत विशेष दराच्या उत्पन्नावर सूट नाही असं लिहून. म्हणजे ते काम कायद्याने केलं, ड्रॉपडाउनने नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेलं बरोबर आहे का हे तपासणारे नियम, दोन जातींचे करा. पॅनमध्ये नऊच अक्षरं आहेत, तारीख ३० फेब्रुवारी आहे, बेरीज जुळत नाही, इथे थांबवा, बिनधास्त थांबवा. पण 'तुम्हाला ही सवलत मिळणार नाही असं आम्हाला वाटतं' या प्रकारात लाल पट्टी नको, पिवळी द्या, कारण सांगा, आणि माणसाने तरीही पुढे जायचं म्हटलं तर जाऊ द्या, त्याची नोंद ठेवा आणि तपासणी नंतर अधिकारी करेल. हे सगळे नियम कुठल्या जातीत आहेत ती यादी जाहीर करा. इन्कम टॅक्सवाले फॉर्मचा जेसन स्कीमा (डेटा कुठल्या साच्यात द्यायचा ते) आणि व्हॅलिडेशन नियम पोर्टलवर टाकतात, हे चांगलं करतात, त्यामुळे बाहेरचे सॉफ्टवेअरवाले आपापली टूल्स बनवू शकतात. फक्त ते वर्षाच्या सुरुवातीलाच टाका, मुदतीच्या दोन आठवडे आधी नाही.

आता फॉर्म

आता बनवा फॉर्म. फार बोलत नाही यावर. दर रकान्याला आपोआप सेव्ह, सेशन संपायच्या आधी सूचना, आणि परत आल्यावर जिथे सोडलं तिथेच उघडलं पाहिजे. मराठी कीबोर्डवरून लोक १२३४ असे देवनागरी आकडे टाकतात, तुमचा रकाना ते नाकारतो आणि एरर काय दाखवतो तर 'योग्य संख्या भरा', माणूस म्हणतो अरे योग्यच तर भरलीये. ते आकडे गुपचूप बदलून घ्या. स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने पाडा आणि रकमेखाली चेकवर लिहितो तसं अक्षरी रुपये दाखवा, एक शून्य जास्त पडण्याच्या निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात. मराठी भाषांतर गूगलवर ढकलू नका, 'कर-निर्धारण' वाचून कोणाला काही कळत नाही, पण टीडीएस म्हटलं की वाण्यालाही कळतं.

ज्यांचं काहीच देणं नाही त्यांना फॉर्म दाखवायचीही गरज नसते. जीएसटीत जून २०२० पासून शून्य असलेलं ३बी साध्या एसएमएसने १४४०९ वर पाठवता येतं, कोड येतो, तो परत पाठवला की झालं. असा एक लहान रस्ता तुमच्याकडेही काढा, सर्व्हरवरचा भार पण कमी होतो.

पैसे

पैसे भरणं आणि रिटर्न भरणं या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा, एका बटणात गुंफू नका. इथे सगळ्यात जास्त शिव्या खाव्या लागतात. माणूस पैसे भरतो, बँकेतून कट होतात, तुमच्या पानावर गोल गोल फिरत राहतं, तो परत दाबतो, परत कट होतात. त्यामुळे पेमेंट सुरू व्हायच्या आधी तुमच्याकडे एक चलन नंबर तयार झाला पाहिजे आणि त्याच नंबरवर दुसऱ्यांदा पैसे घेतले जाता कामा नयेत, बटण दहा वेळा दाबलं तरी. ब्राउझर परत येऊन 'सक्सेस' म्हणाला यावर विश्वास ठेवायचा नाही, बँकेच्या सर्व्हरला स्वतः विचारायचं, उत्तर नाही आलं तर थोड्या वेळाने परत विचारायचं, आणि माणसाला स्पष्ट लिहून दाखवायचं, 'बँकेकडून कन्फर्म व्हायचंय, परत भरू नका'. हे एक वाक्य हेल्पलाइनचे हजारो फोन वाचवतं.

इन्कम टॅक्सच्या चलनाचा सीआयएन (ओळख नंबर) बघा, बँकेच्या शाखेचा ७ आकडी बीएसआर कोड, ८ आकडी तारीख, ५ आकडी अनुक्रमांक, असा २० आकडी. दिसायला कंटाळवाणा पण पैसे कुठे, कधी, कितवे भरले हे त्यात येतं, आणि रोज रात्री बँकेची यादी आणि तुमची यादी जुळवताना तोच कामाला येतो. ही रोजची जुळवाजुळव पहिल्या दिवसापासून करा. तीन प्रकारची बोचकी निघतील, बँकेत आहे आपल्याकडे नाही, आपल्याकडे आहे बँकेत नाही, आणि रक्कम वेगळी. प्रत्येकाला एक माणूस आणि एक मुदत लावून द्या. चुकीच्या वर्षात किंवा चुकीच्या खात्यावर भरलेले पैसे हलवायची सोय ऑनलाइनच द्या, नाहीतर लोक अर्ज घेऊन ऑफिसच्या पायऱ्या झिजवतात. यूपीआय ठेवाच, सप्टेंबर २०२४ पासून टॅक्ससाठी त्याची एका व्यवहाराची मर्यादा ५ लाख केली आहे.

शेवटचा दिवस

आपल्या लोकांना शेवटच्या दिवसाशिवाय जाग येत नाही हे गृहीत धरूनच बांधायचं. ३१ जुलै २०२४ पर्यंत ७.२८ कोटी रिटर्न्स भरली गेली, त्यातली ६९.९२ लाख त्या एकाच दिवशी, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. त्या दिवशी संध्याकाळी ७ ते ८ या तासात ५.०७ लाख आणि ८ वाजून ८ मिनिटांनी एका मिनिटात ९,३६७. आता गंमत बघा, एका सेकंदाचा रेकॉर्ड ९१७, तो मात्र ३१ ला नव्हता, १७ जुलैला सकाळी सव्वाआठच्या आसपास होता. पाच लाखाला ३,६०० ने भागून सेकंदाला एकशे चाळीसेक येतात म्हणून तेवढीच क्षमता ठेवणारा तिथेच आडवा होईल. आणि त्या ३१ तारखेला लॉगिन होते ३.२ कोटी! रिटर्न सत्तर लाख, लॉगिन त्याच्या साडेचार पट. लोक नुसते बघायला येतात, रिफंडचं बघायला, सीए पन्नास खाती उघडबंद करतो. भार सबमिटवर मोजू नका, लॉगिन, ओटीपी आणि प्री-फिलवर मोजा, जीव तिथे जातो.

करायचं काय तर सबमिट झालेलं रिटर्न लगेच तपासायला घेऊ नका. घ्या, सुरक्षित ठेवा, नंबर द्या, आणि रांगेत टाका, हिशोब रात्री होऊ दे. पावती दोन सेकंदात मिळाली की माणूस शांत होतो, त्याचा टॅक्स आत्ताच्या आत्ता तपासून मिळावा अशी त्याची अपेक्षाच नसते. शेवटच्या तीन दिवसांसाठी एक 'कमी सुविधा' मोड ठेवा, जुने रिपोर्ट, मोठ्या पीडीएफ, डॅशबोर्डवरचे ग्राफ बंद, भरणं आणि पैसे चालू. वेटिंग रूम (आत यायची ऑनलाइन रांग) लावली तर नंबर आणि अंदाजे वेळ दाखवा. आणि ११ वाजून ५९ मिनिटांनी बटण दाबलं पण सर्व्हरला १२ वाजून १ मिनिटाने पोचलं तर काय, हे आधी लेखी ठरवून घ्या. माझं मत, रांगेत आत घेतलं ती वेळ धरावी. व्हेरिफिकेशनचंही (रिटर्न मीच भरलं अशी खात्री देण्याचं) तसंच, इन्कम टॅक्समध्ये अपलोड केल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं तर अपलोडची तारीख धरतात, उशीर झाला तर व्हेरिफायची. असे नियम पावतीवरच छापा.

सगळं सर्व्हर वाढवूनच सुटतं असं नाही. जानेवारी २०२० मध्ये जीएसटीच्या ३बी ची एकच २० तारीख फोडून २०, २२ आणि २४ अशा तीन केल्या, ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना राज्याप्रमाणे, त्यात महाराष्ट्र आणि गोवा २२ मध्ये. डिपार्टमेंटला हे सुचवायला लाजू नका, एक नोटिफिकेशन कधी कधी शंभर सर्व्हरचं काम करतं.

सुरू कसं करायचं

१ ते ६ जून २०२१ जुनं इन्कम टॅक्स पोर्टल बंद ठेवलं आणि ७ जूनला नवीन सुरू केलं. पुढचे काही महिने काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच, लॉगिन होईना, फॉर्म सापडेना, ऑगस्टमध्ये अर्थमंत्रालयाने पोर्टल बनवणाऱ्या कंपनीच्या सीईओला बोलावून घेतलं, आणि साध्या लोकांची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. त्यात एक शहाणपणाचं काम झालं, परदेशी पैसे पाठवताना लागणारे १५सीए, १५सीबी फॉर्म काही आठवडे कागदावर बँकेत द्यायची परवानगी दिली. असा कागदाचा रस्ता आधीच ठरवून कपाटात ठेवा, रडत रडत नंतर काढायला नको. जुनी आणि नवी सिस्टीम एक हंगाम तरी बरोबर चालवा. आधी सोपे लोक घ्या, एक पगार, एक बँक. डायरेक्ट फाइलने पहिल्या वर्षी बारा राज्यं आणि फक्त साधी प्रकरणं घेतली, १ लाख ४० हजारांच्या वर लोकांनी भरलं, आणि दुसऱ्या वर्षी पंचवीस राज्यांत गेले. महाराष्ट्रात करायचं असेल तर एक-दोन जिल्हे घ्या, एक शहरी आणि एक जिथे नेटवर्कची बोंब आहे असा. मुदतीच्या तोंडावर सुरू करायचं तर मुळीच नाही, मंत्र्यांची तारीख मिळाली असली तरी.

सिक्युरिटीचं थोडक्यात. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी लागतेच, २०२२ च्या त्यांच्या आदेशाप्रमाणे काही घडलं तर ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. पण बाहेरच्या चोरापेक्षा आतल्या माणसाचं जास्त बघा. कुठल्या अधिकाऱ्याने कोणाचं रिटर्न उघडलं, कशासाठी, हे नोंदवा आणि ती नोंद त्याच अधिकाऱ्याला पुसता येऊ नये. शेजाऱ्याचा पगार बघायची हौस सगळीकडे असते.

भरल्यानंतरचं

यावर टेंडरमध्ये दोन पानं असतात, लोकांचे फोन मात्र यावरच जास्त येतात. रिफंड कुठे अडकलाय ते पायऱ्यांमध्ये दाखवा, मिळालं, तपासलं, मंजूर, बँकेत पाठवलं, परत आलं, आणि परत आलं तर का. २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये सांगितलं होतं की रिटर्न प्रोसेस व्हायचा सरासरी वेळ २०१३-१४ च्या ९३ दिवसांवरून १० दिवसांवर आला, लोकांना आता तीच सवय लागलीय, तुम्ही महिना लावला तर बोंब होणार. नोटीस पाठवली तर त्यात तुमचा आकडा, आमचा आकडा आणि फरक कुठल्या ओळीत आहे हे शेजारी शेजारी असलं पाहिजे, 'विसंगती आढळली' एवढंच लिहून पाठवू नका.

दुरुस्त केलेलं रिटर्न जुन्यावर लिहायचं नाही, नवीन आवृत्ती करायची, जुनी तशीच. आणि जुनी वर्षं जिवंत ठेवायची, कारण २०२५ च्या बजेटनंतर अपडेटेड रिटर्न (राहिलेलं उत्पन्न मागाहून दाखवायचं) ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं, म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीचा फॉर्म, तेव्हाचे रेट, तेव्हाचं व्याज, सगळं आजच्या तारखेला बरोबर चाललं पाहिजे. मेंटेनन्सच्या करारात हे वर्षाप्रमाणे वेगळं लिहून घ्या आणि त्याचे पैसे वेगळे लावा, नाहीतर पाचव्या वर्षी टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेली असते आणि जुनं वर्ष उघडणारा माणूसच सापडत नाही.